बारावी सही

गेल्या शनिवारी हॅरियट मॅडमच्या मेमोरियलला, म्हणजे स्मरणसभेला, गेले होते. आमच्या श्रूजबरीपासून तासाभराच्या ड्राइव्हवर, एका लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये. कॉफी, कुकीज, भिंतीवर त्यांचे फोटो... आणि जो तो त्यांचे किस्से सांगून हसत होता. इथे अशीच पद्धत आहे. मला मात्र दारातच भरून आलं, आणि ते फक्त दुःख नव्हतं.

मॅडम म्हणजे पिण्याच्या पाण्यावरच्या एका सायन्स जर्नलच्या मुख्य संपादक. माझा पहिला पेपर त्यांनी परत पाठवला होता, सोबत चार पानं सूचना जोडून. तेव्हा मी चिडून दोन दिवस जेवले नव्हते. पुढे त्याच बाईंनी मला असोसिएट एडिटर केलं. 'मला नुसतं हॅरियट म्हण' असं दहादा सांगितलं असेल, पण नागपूरच्या कॉलेजातून आलेली माझी जीभ काही वळली नाही.

हे काम बिनपगारी असतं. आलेला पेपर वाचायचा, दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवायचा, आणि तो छापण्यालायक आहे का ते सांगायचं. असे आम्ही बाराजण होतो.

दोन वर्षांपूर्वी जर्नलचा प्रकाशक बदलला. नव्या लोकांना जास्त पेपर हवे होते. मग त्यांनी एक खास अंक काढायचं ठरवलं... विषय वॉटर फिल्टर, आणि पाहुणा संपादक फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचाच माणूस! मॅडम नाही म्हणाल्या. काय छापायचं ते संपादक ठरवतील, सेल्सवाले नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. महिन्याभरात त्यांना काढून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी टॉमची मेल आली. टॉम आमच्यातला सगळ्यात जुना. 'आपण सगळे एकत्र राजीनामा देतोय, पत्र जोडलंय, सही करा.'

अकराजणांनी केली. मी नाही केली.

तेव्हा माझी ग्रीन कार्डची केस चालू होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी ज्या कॅटेगरीत अर्ज केला होता तिथे आपण आपल्या क्षेत्रात कोणीतरी आहोत हे सिद्ध करावं लागतं. इतर शास्त्रज्ञांचं काम तपासायला आपल्याला बोलावतात, हा त्यातला एक पुरावा. माझ्या फाइलमध्ये हे एडिटरपद होतं. शिफारसपत्र मॅडमचंच होतं! वकील म्हणाले, निकाल लागेपर्यंत कशालाही हात लावू नका. नवऱ्याच्या, निखिलच्या ऑफिसात ले-ऑफ चालू होते, मुलगी अन्वी दहावीत... मी हात लावला नाही.

बरं, तसं टॉमला कळवावं तरी. तेही नाही. मेल वाचली आणि गप्प बसले.

आठवड्याने मॅडमची दोन ओळींची मेल आली. 'कशी आहेस? अन्वीचं व्हायोलिन काय म्हणतंय?' सहीचा शब्दही नव्हता. मी त्यालाही उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होते?

खास अंक निघाला. संपादकांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर, कारण जुन्यांपैकी मी एकटीच उरले होते. आतला एकही पेपर मी वाचलेला नव्हता. त्या कंपनीचा फिल्टर किती उत्तम, हे सांगणारे तीन पेपर त्यात होते. मी लॅपटॉप मिटला आणि भाजी चिरायला घेतली.

मग ग्रीन कार्ड आलं. मॅडमना फोन करायचा असं रोज ठरवायचे आणि रोज पुढे ढकलायचे. त्या हॉस्पिटलमध्ये आहेत असं कळलं, तेव्हा म्हटलं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जाऊन भेटू... ते राहूनच गेलं.

तर शनिवारी त्या हॉलमध्ये टॉम माझ्याकडे येताना दिसला. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत तोंड फिरवणार. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

म्हणाला, "खरं सांगू? आम्ही तुझ्यावर फार चिडलो होतो. पण मग हॅरियटने सांगितलं, की तिनेच तुला थांबायला सांगितलं होतं. विद्यार्थ्यांचे जे पेपर अर्ध्यात अडकले होते, त्यांच्याकडे बघायला कोणीतरी हवं म्हणून. राजीनाम्यापेक्षा ते अवघड, असं म्हणाली. थँक यू."

मला कोणी असं काही सांगितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मान हलवली. "येस" म्हटलं.

निखिल आणि अन्वी सोबत आले होते; परतताना गाडीत त्यांना सगळं सांगितलं. निखिल म्हणाला, "अगं, त्यांनीच तुला सांभाळून घेतलं ना? मग राहू दे की आता. त्या गेल्या, कोणाला काय फरक पडतो?" मागून अन्वीने हेडफोन काढला. "बट यू सेड येस, आई."

जर्नलमध्ये चूक छापली गेली तर दुरुस्तीही छापावी लागते, लेखक हयात नसला तरी. रविवारी सकाळी मी त्या अकराजणांना खरं काय ते सांगणारी मेल केली आणि प्रकाशकाला राजीनामा पाठवला. टॉमचं उत्तर अजून आलेलं नाही. न आलं तरी त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

ग्रीन कार्डच्या पोस्टवर तुम्ही सगळ्यांनी भरभरून अभिनंदन केलं होतं, म्हणून इथेही लिहितेय. मॅडमनी मला थांबायला सांगितलं नव्हतं. मी घाबरले म्हणून थांबले. त्या विद्यार्थ्यांचे पेपर मी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. आणि एक खोटा आकडा छापण्यापेक्षा जिने खुर्ची सोडली असती, त्या बाईला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं.