बाबांच्या टॅबसाठी भरवलेला शनिवार-रविवार

बाबांना लकवा मारला तेव्हा उजवा हात गेला आणि जीभ गेली. समजायचं सगळं. टीव्हीवर कोणी मूर्खासारखं बोललं की ते पहिल्यासारखेच नाक उडवायचे. पण तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा, आणि आपल्याच आवाजाची लाज वाटून ते तोंड मिटून घ्यायचे.

बोलणं शिकवायला घरी मॅडम यायच्या. त्यांनी एका टॅबवर फुकटचं ॲप टाकून दिलं. चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलतो. ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवलं की म्हणतो, "मुझे पानी चाहिए." मराठी त्यात नव्हती. इंग्रजी होती, हिंदी होती, आणि मी नावही ऐकलं नव्हतं अशा कुठकुठल्या भाषा होत्या. बाबांनी दोनदा बोट ठेवलं आणि टॅब उशीखाली सरकवून दिला.

मला कळेना. हा माणूस नागपुरात लकडगंजच्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, अख्खी नोकरी हिंदीत करून आला. ग्राहक हिंदी, हमाल हिंदी, शेठ हिंदी. मग आता काहून नको? आई म्हणाली, "बाहेरच्याशी हिंदी बोलतेत वं ते. घरच्याशी कधी बोलले काय?" खरंच होतं. फाटकात चप्पल काढतानाच त्यांची हिंदी संपायची.

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की माणूस आता बोलायची धडपड करेल तर करेल. एकदा त्याला वाटलं की यात काही अर्थ नाही, तर तो गप्पच बसतो, मग कोणी काही करू शकत नाही. मी घाबरले. सरळ सांगते, फार घाबरले.

मी आयटी पार्कात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यानं बनवलेल्यात चुका काढायच्या, हा माझा धंदा आणि स्वभावही. स्वतः काही बनवायची वेळ आली की मी वेंधळी होते. पण या ॲपचा कोड खुला होता. कोणीही उघडावा, सुधारावा. म्हटलं, शनिवार-रविवार ऑनलाइन मंडळी जमवू, सगळे मिळून ॲपला मराठी शिकवू. कोड लिहिणाऱ्यांच्या दोन-तीन ग्रुपवर इंग्रजीत आमंत्रण टाकलं आणि विसरलेही, कारण कोणी येईल असं मला वाटलंच नव्हतं.

बरेच आले. आईनं विचारलं, एवढ्या लोकांच्या जेवणाचं काय करायचं. मी सांगितलं की ते सगळे आपापल्या घरीच असतील. "मग कार्यक्रम कशाचा?" असं म्हणून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली.

शनिवारी सकाळी बाबांच्या पलंगाशेजारीच टेबल लावलं, कारण दुसऱ्या खोलीत नेट नीट येत नाही. पडद्यावर काळे चौकोन. नावांच्या जागी लोकांनी काय काय लिहिलेलं, अर्धे आकडे, अर्धी इंग्रजी अक्षरं, पासवर्ड वाटावेत असे. माणूस कुठला, बाई की बुवा, काही पत्ता लागेना. समोर कोण आहे हे माहीत नसलं की नागपूरचा माणूस काय करतो? हिंदी बोलतो. ऑटोवाल्याशी बोलतो, बँकेत बोलतो, लिफ्टमध्ये बोलतो. मी पण सुरू झाले, "तो अपन शुरू करते हैं."

एकानं हिंदीत हो म्हटलं, दुसऱ्यानं हिंदीत शंका विचारली, आणि गाडी सुटली. मी विचारलं की मराठी कोणाकोणाला येते. सगळे फार नम्र. "थोड़ी-थोड़ी आती है." "समझ लेता हूँ." मराठीसाठी बोलावलं आणि मराठी माणूसच आला नाही! आता यांना हाकलून कसं द्यायचं? बिचारे सुटीच्या दिवशी फुकट राबायला आलेले.

कोडचं काम मात्र झकास चाललं होतं. बटणं इंग्रजीच्या मापानं बनवलेली, त्यामुळे मराठी अक्षरांच्या वेलांट्या वरून कापल्या जायच्या आणि उकार खालून. ते दोघा-तिघांनी जेवणाच्या आत नीट केलं. मशीनच्या आवाजाऐवजी आपण रेकॉर्ड केलेला आवाज वाजावा, ही सोयही कोणीतरी जोडली. वाक्यांचंच घोडं अडलं. ज्याला त्याला वाटे की मराठी दुसऱ्या कोणाला चांगली येत असेल, तो तपासेल. मग त्यांनी हिंदी वाक्यं उचलून कॉम्प्युटरकडून मराठी करून घेतली. मी म्हटलं, चला, काहीतरी हाती तर आलं.

संध्याकाळी टॅब बाबांसमोर धरला आणि एक बटण दाबून दाखवलं. टॅब म्हणाला, "मला मूत्रविसर्जन करावयाचे आहे."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली, कोण पाहुणे आले म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. चिडून टॅब बंद केला. आधी हिंदीतला परका माणूस घरात बोलायचा, आता कोर्टातला कारकून बोलायला लागला होता, आणि बाबांनी त्या रात्री जेवतानाही कोणाकडे पाहिलं नाही.

रविवारी मी नुसती नावापुरती बसले होते. दुपारी एका चौकोनातून भांड्यांचा आवाज आला आणि मागून एका बाईचा, "काहून रे, जेवाले येतो का नाही? भाकर गार होऊन राहिली."

"आलो वं माय, दोन मिनिटं थांब."

माइक चालू राहिला होता. मग एका मुलीनं, आणि तेही हिंदीतच, विचारलं, "आप मराठी हो क्या?"

"हो. कामठीचा. आप?"

"मी उमरेडची," ती म्हणाली.

मग तिसरा कळमन्याचा निघाला. चौथी तर माझ्याच मागच्या गल्लीतली, तिच्या घरचा कुत्रा भुंकला की आमच्या घरी ऐकू येतो. एकूण एक मराठी. दोन दिवस आम्ही मराठी माणसं मराठीसाठी जमून, एकमेकांचा मान राखत हिंदी बोलत होतो. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलेच, "अरे, मग कालपासून हिंदी काहून बोलून राहिले तुम्ही?"

कामठीवाला शांतपणे म्हणाला, "तुम्हीच सुरू केली ना ताई."

मागून कसलासा आवाज आला. वळून पाहिलं तर बाबा हसत होते. एका बाजूनं, तोंड वाकडं करून, खांदे हलवत. लकव्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना उचकी लागेल म्हणून आई पाणी घेऊन धावली.

मग कालची सगळी वाक्यं फेकून दिली. पण नवी काय लिहायची? उमरेडची मुलगी म्हणाली, आपण कशाला डोकं लावायचं, घरच्यांनाच विचारू. चौकोनांत कॅमेरे सुरू झाले. माय आल्या, बाप आले, एक आत्या आली. त्यांना विचारलं, तुम्ही दिवसभर घरात काय बोलता? आधी सगळे लाजले, मग थांबेनात. आणि एक भलतीच भानगड लक्षात आली. मूळ ॲपमध्ये आजारी माणूस नुसता मागत होता. पाणी द्या, गोळी द्या, कूस बदला. आमच्या लोकांनी सांगितलेल्या वाक्यांत मागणं जवळजवळ नव्हतंच. जेवली का. कोण आलं होतं. डोक्याले रुमाल बांध. कामठीवाल्याची माय म्हणाली, ती पोराला एकच गोष्ट रोज सांगते, पोचला की फोन करजो.

तेव्हा चित्रांचं एक नवीनच पान बनवलं, दुसऱ्याची विचारपूस करायचं. सगळ्या वाक्यांना उमरेडच्या मुलीच्या वडिलांनी आवाज दिला. जाड, जरा खोकल्याचा, आपल्याकडचा. ॲप सांभाळणाऱ्या परदेशातल्या मंडळींनी नंतर विचारलं की रुग्णाला या पानाची गरज काय, त्याच्या गरजा तर पहिल्या पानावर आहेत. मी इंग्रजीत समजावायला बसले आणि चार ओळींच्या पुढे जाता येईना. त्यांचं अजून ठरलेलं नाही. आम्ही ते आमच्यापुरतं टॅबवर टाकून घेतलं.

आणि बाबांनी त्याला हातही लावला नाही. टॅब मांडीवर ठेवला की बघायचे, बोट जवळ न्यायचे, मागे घ्यायचे. एक दिवस गेला, दुसरा गेला. मॅडम येऊन टॅब नुसता पडलेला बघून गेल्या, तेच मला लागलं. मी आईवर चिडले, ठेवून दे तो टॅब कपाटात, दोन दिवस मूर्खासारखे घालवले आपण. बाबा ऐकत होते आणि मला ते माहीत होतं, तरी मी बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले. स्कूटीची किल्ली घेतली, दारात सँडल घालत होते, तर आतून पुरुषाचा आवाज आला, "पोचली की फोन करजो."

मला वाटलं, शेजारचे काका आले. आई पोळी लाटताना थांबली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू लागलो. बाबांचं डावं बोट टॅबवर होतं आणि ते माझ्याकडे बघत होते. अगदी साध्या चेहऱ्यानं, रोजच सांगतात तसे. मी "हो बाबा" म्हटलं आणि तिथं थांबवेना म्हणून भराभर जिना उतरले.

ऑफिसच्या पार्किंगमध्ये हेल्मेट न काढताच फोन लावला. आईनं उचलला आणि बाबांच्या कानाला लावला. आता पुढे काय? याचा तर कोणी विचारच केला नव्हता. त्यांना बोलता येत नाही, मला सुचत नाही. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग टॅबवर टकटक झाली आणि तो जाड आवाज म्हणाला, "पंखा कमी कर." आई म्हणाली, "पंखा बंदच आहे." पुन्हा टकटक. "कोण आलं होतं?" पुन्हा टकटक. बाबा बटण शोधत होते. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला, तरी मी हलले नाही.

"पोचली का?"

"पोचली बाबा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं. मी पुन्हा सांगितलं, "पोचली."