बाबांची शतपावली

ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं राहून मीही विसरले होते, की माणूस नुसताच चालायला म्हणून बाहेर पडतो. बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आले आणि संध्याकाळी जेवून सवयीने शतपावलीला निघाले. फुटपाथच नाही, म्हणून बिचारे रस्त्याच्या कडेने चालले. लगेच एक गाडी थांबली. आतल्या गृहस्थाने काच खाली करून दरडावलं, "कोणाचं घर शोधताय?"

"अगं, जेवून चालणं गुन्हा आहे का इथे?" बाबांनी घरी येऊन विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाड्यांना मैदानं देणाऱ्या या शहरात एका म्हाताऱ्याच्या पावलांना जागा नाही!

दुसऱ्या दिवशी बाबा शेजारणीचा कुत्रा घेऊन निघाले. तोच गृहस्थ गाडी थांबवून हसला आणि त्याने प्रेमाने नाव विचारलं. कुत्र्याचं.