भाजायचं नाही, वाळवायचं

भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. मालाडच्या बाजारात आई सुकी मासळी विकायला बसायची, तिच्या मागे गोणपाटावर बसून मी ते शिकलो. गिऱ्हाईक बोंबील चिवडायचं, नाक मुरडायचं, आणि आई भलतीकडेच बघत बसायची. शेवटी गिऱ्हाईकच तोंड उघडायचं.

त्याच नियमावर मी घाटकोपरला स्वतःचा गाळा उभा केला. चिनीमातीचे फ्यूज भाजायची भट्टी होती माझी. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, बोरिवलीकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवायचे. डॉक्टरेट होती, पण कायम नोकरी कधी मिळाली नाही. एकदा भट्टीसमोर उभं राहून ते म्हणाले, "तू यात फ्यूज भाजतोस म्हणजे हत्तीवरून भाजी आणायला जातोस रे."

त्यांच्या डोक्यात झिओलाइट होतं. दिसायला रांगोळीसारखी पांढरी पावडर, पण तिच्या कणाकणात आरपार बोळ. तेलाचे लांब, सडपातळ रेणू त्या बोळांत शिरतात, आत तुटतात आणि प्रोपिलीन होऊन बाहेर पडतात. आपल्या बादल्या, खुर्च्या, सिमेंटच्या गोण्या त्याच्याच. पण रिफायनरीत पावडरीवर तापलेल्या वाफेचा मारा होतो. त्यात तिच्या सांगाड्यातलं ॲल्युमिनियम निखळतं आणि पावडर मरते. फॉस्फरस पाजला तर तग धरते.

एवढं पुस्तकात आहे. पुस्तकात नव्हतं ते आमच्याकडे होतं. फॉस्फरस दोन हप्त्यांत पाजायचा. मधे सगळे भट्टीत भाजतात, तसं करायचं नाही. सावलीत सावकाश वाळवायचं. ही युक्ती कुणाची म्हणाल तर अर्धी आईची. उन्हात सुकवलेला बोंबील वरून कडक होतो आणि आत ओला राहतो, असं मी एकदा जेवताना बोललो, आणि भावोजी हातातला घास ताटात टाकून उठले. त्यानंतर गाळ्याच्या पोटमाळ्यावर ट्रेमध्ये पावडर पसरलेली असायची. ताई आली की म्हणायची, "मेल्यांनो, हयसर पण सुकटच घातलात?"

भावोजी म्हणत होते पेटंट घेऊ. मी म्हणालो, कागदावर आलं की गावभर झालं. पेटंट राहिलं.

अंधेरीच्या एका कंपनीने आमचा नमुना तपासला. वाफेच्या माऱ्यानंतरही पावडर जिवंत होती. त्यांनी बोलावलं. रिक्षात मी भावोजींना तीनदा बजावलं, "तुम्ही फक्त चहा प्यायचा. तोंड उघडायचं नाही."

"बिस्किट खाल्लं तर चालेल ना?" ते म्हणाले.

समोर एकच साहेब होता, माझ्याच वयाचा. मी पावडर तयार करून देणार, कृती देणार नाही, एवढं सांगून मी खिडकीबाहेर बघत बसलो. तोही गप्प. एसीचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आला हा वाटेवर, आता बोलेल.

तो बोलला. पण माझ्याशी नाही.

"सर, एक शंका होती. दोन हप्त्यांत फॉस्फरस दिलाय हे आमच्या लॅबला दिसलं. पण मग बोळांची तोंडं बुजली कशी नाहीत? मधे भाजलं की ती बुजायलाच हवीत."

टेबलाखाली मी भावोजींच्या पायावर बूट दाबला. त्यांना कळलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, मुलं मागच्या बाकांवर झोपायची. असा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"तीच तर गंमत आहे! भाजायचं नाही, वाळवायचं. सावलीत."

साहेबाने मान हलवली. लिहूनही घेतलं नाही. त्याला गरजच नव्हती.

खाली फुटपाथवर मी तोंड सोडलं. येणारेजाणारे थांबून बघत होते. "त्याने 'सर' म्हटलं म्हणून विरघळलात? आईची, माझी, तुमची सगळ्यांची वाट लावलीत एका वाक्यात!"

ते म्हणाले, "प्रश्न चांगला होता रे."

माफी नाही. आजतागायत नाही. कंपनीचा फोनही आला नाही. पावडरीच्या नादात फ्यूजची गिऱ्हाइकं तुटली होती, भट्टी मी काढून टाकली. गाळ्यात आता दुसऱ्याच कुणाचं पॅकिंग चालतं. कॉलेजने भावोजींच्या तासिकाही बंद केल्या.

यंदा भाऊबीजेला गेलो, ताईसाठी. पाटावर बसलो. ती आत निरांजन लावत होती. भावोजी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, फार वाळलेले. मी बोलणार नव्हतोच. मग तेच बोलले.

"त्यांच्याकडून काही कळलं का रे? मोठ्या प्लांटमध्ये टिकली का आपली पावडर? तेवढंच हवं होतं. दुसरं काही नको."

मला ठाऊक होतं. मला कच्ची पावडर आणि फॉस्फरस देणारा व्यापारी आता त्या कंपनीला देतो. दिवाळीआधी तो भेटला होता. म्हणाला, तुमच्याच मापाने फॉस्फरस उचलतात, वाळवायला अख्खी शेड बांधलीय, पावडर मस्त चालते, आणखी मागतायत.

भावोजी माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेबाकडे बघितलं होतं तसेच.

"नाही," मी म्हणालो. "काही कळलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे बघत राहिले. ताई तबक घेऊन आली, मला ओवाळलं, आणि म्हणाली, "आता तरी बोला रे दोघं."