तेवीस किल्ल्यांचा वाद

सुलक्षणाबाई धुळ्याजवळच्या एका गावात चौथीला शिकवतात. बारा वर्षं त्या इतिहासाची प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून देत आल्या. मुलं पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. बाईही कंटाळल्या होत्या.

मागच्या हिवाळ्यात, पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना तेवीस किल्ले दिले हे शिकवताना मगनभाऊंचा पुना मधेच उठला. "बाई, इतला किल्ला कसाले दिनात?"

बाईंना एकदम बरं वाटलं. असा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, वर्गाचे दोन गट केले. प्रत्येक गटातून एकाने आपली बाजू बाईंच्या मोबाईलवर बोलायची, दुसऱ्या गटातल्याने ती पाहून व्हिडिओनेच उत्तर द्यायचं. पण तहाच्या बाजूने बोलायला कुणी तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि ती बाजू आली हबीब शिंप्याच्या जैनबकडे. ही मुलगी वर्गात हजेरीलाच काय ती तोंड उघडायची.

"बाई, मला पाठ होत नाही."

"पाठ करूच नको. पुनाला पटव."

पुनाने हातपंपाच्या ओट्यावर उभं राहून मूठ उगारली. "मरसूत, पन एक बी किल्ला देवाव नही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जैनबचा व्हिडिओ सात वेळा फसला. कधी हसू यायचं, कधी शेळी मधे यायची. आठव्यांदा ती हळूच म्हणाली, "पुना, तू लढशील रे. पण गावं जळत होती. मुरारबाजींसारखा माणूस गेला. माणसं राहिली, तर किल्ले परत घेता येतात. महाराजांनी घेतलेच की नंतर!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो वर्गात दाखवला. पुनाने तो व्हिडिओ तीनदा पाहिला, मग स्वतःचाही पाहिला आणि मोबाईल मागून घेतला.

"मी पुना. काल जो पुना बोलना, त्याले मी जबाब देस."

पोरं हसून लोळली. त्याने मात्र स्वतःचा एकेक मुद्दा खोडून काढला. शेवटी एवढंच म्हणाला, "पन तेवीस म्हंजे जास्तीच व्हतात!"

"नव्हते जास्ती! मी सांगते का ते!" जैनब बाकावरून ओरडली. वर्गात तिचा एवढा मोठा आवाज बाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर गेले. दुसऱ्या दिवशी हबीबभाईंच्या दुकानात मगनभाऊ विजार शिवून घ्यायला आले आणि तासभर तहावरच भांडत बसले. मिटेना, तेव्हा दोघेही शाळेत आले.

"बाई, खरं कोणाचं?"

"मला नका विचारू, भाऊ," बाई म्हणाल्या. "आत या. पोरं सांगतील."

दोघं मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून बसले, आणि जैनब फळ्याकडे निघाली.