खंडेनवमीला मांडलेलं यंत्र

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या सरांचे. वसतिगृहात त्यांनी माझी सोय लावली नसती, तर आमच्या घरात पदवी आली नसती. नोकरीतले पुष्कळ तपास मी आता विसरलो. पण सर तक्रारदार म्हणून माझ्या पोलीस ठाण्यात आले, तो दिवस विसरता येत नाही.

पत्नी गेल्यावर सर लोणी काळभोरच्या बाजूला एका खोलीत एकटेच राहत. तिथे त्यांनी सीताफळाचा गर आणि बिया वेगळ्या करणारं हातयंत्र बनवलं होतं. बी फुटत नसे, म्हणून गर कडू होत नसे. गल्लीतल्या वर्कशॉपवाल्याने अगदी तसंच यंत्र विकायला काढलं होतं.

"कुलूप काढून कुणीतरी खोलीत शिरलंय," सर म्हणाले. "यंत्राच्या आतली जाळी माझी आहे रे. दिवाळीनंतर पेटंटचा अर्ज करणार होतो. माझं म्हणावं असं एवढंच उरलंय."

तक्रारदार माझे सर, हे मी वरिष्ठांना कळवलं आणि चौकशी उपनिरीक्षकाकडे दिली. त्याने खोली पाहिली. कुलूप, कोयंडा, खिडकी, सगळं शाबूत. त्यातच बीटवरच्या हवालदाराने खबर आणली, की यंत्राचा व्हिडिओ गल्लीत सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. उपनिरीक्षकाने वर्कशॉपवाल्याला माझ्यासमोर बोलावलं.

"सरांच्या खोलीत कधी गेला होतात?"

"खंडेनवमीला. सरांनीच बोलावलं पूजेला."

"आणखी कोण होतं?"

"आख्खी गल्ली हुती साहेब. हत्यारं मांडलेली, मधी मशीन, त्याला झेंडूची माळ. मला म्हनले, फिरव हँडल. फिरवलं. पेढा बी दिला. आता पेढा खाल्ल्याचं कलम लावा!"

उपनिरीक्षक सदाशिव पेठेतला. "पेढ्याला कलम नाही," तो म्हणाला. "मोबाईल काढा."

व्हिडिओत सर जाळी उघडून दाखवत होते. "जवळ या, नीट बघा. खरी करामत इथं आहे." माझी शाळा सुटल्यापासून इतके आनंदी सर मी पाहिले नव्हते.

मी त्यांच्यासमोर बसलो. "सर, अर्जाआधी का दाखवलंत?"

"हत्यारांची पूजा कुणी दार लावून करतं का?" ते म्हणाले. "वर्षभर ते मी एकटाच बघत होतो. कुणाला दाखवायचंच नाही, तर झालंय हे कळायचं कुणाला?"

चोरी झालीच नव्हती. गुन्हा दाखल न करता तक्रार अर्ज निकाली काढला. सर उठून गेले आणि त्यानंतर माझा फोन उचलेनात.

पेटंटचं काम करणाऱ्या एका वकीलबाईंना मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते तेव्हापासून मी प्रत्येक धडपड्या माणसाला सांगतो. आपल्याआधी कुणी तसं केलंय का, हे शोधा. खर्च पेलेल का आणि वस्तू कुणी घेईल का, याचा विचार करा. आणि अर्जाचा क्रमांक हातात येईपर्यंत चारचौघांत काही उघड करू नका. आपणच जगजाहीर केलेली गोष्ट कायद्यापुढे सहसा नवी राहत नाही. काम अपुरं असलं तरी तात्पुरता अर्ज करता येतो. ज्याच्या घरी कुणी येत नाही, त्याला गुपित जड जातं, हे मात्र मी पोलिसी नोकरीत सरांकडून शिकलो.

शेवटी पत्र लिहिलं:

"आदरणीय सर, सादर नमस्कार.

त्या यंत्राचं पेटंट आता मिळणं कठीण, असं वकीलबाई म्हणतात. पण त्यात वेगळी, खरोखर नवी सुधारणा सुचली, तर तिचा अर्ज करता येईल. मात्र आधी अर्ज, मग पूजा.

तोवर एकटं वाटलं तर मला बोलवा. यंत्रावर चादर टाकून ठेवा. मी काही विचारणार नाही. आपण नुसता चहा घेऊ.

आपला विद्यार्थी"