चौथ्या वर्षाची वॉरंटी

नागपुरात सीताबर्डीतल्या लॅपटॉपच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर बसलं की माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीचं कोणी ऐकून घेत नाही, म्हणून मी किस्से सांगते. जूनपासून ॲडमिशनचा सीझन सुरू झाला की ते इतके येतात की एक सांगून होत नाही तोवर दुसरा दारात चपला काढत असतो. (दुकानात चपला काढायच्या नसतात. तरी काढतात.)

माझं काम लॅपटॉप दाखवायचं आणि त्याच्यासोबत एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारायचं. कंपनी एक वर्ष देते, आम्ही वरची दोन विकतो. माझं ठरलेलं वाक्य आहे, "लेकरू इंजिनिअर होईपर्यंत टेन्शन नाही!" पाणी, पडणं आणि बाहेरचा कचरा यात बसत नाही, हेही मी सांगते. फक्त ते जरा भरभर सांगते.

* * *

लॅपटॉप घ्यायला येणाऱ्या प्रत्येक घरात एक जाणकार मामा असतो. असाच एक मामा भाचीला घेऊन आला आणि त्यानं पाऊण तास मला फैलावर घेतलं. "आय-सेव्हनच दाखवा! ग्राफिक कार्ड पायजेच! उद्या गरज पडली तं?" भाची बिचारी स्टुलावर बसून पाय हलवत होती. तिला कोणी काही विचारेना.

शेवटी मीच विचारलं, "कोणती ब्रांच गं तुझी?"

"नर्सिंग," ती म्हणाली.

मामानं एकदा भाचीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग पेशंट काय कमी असतात का? सोळा जीबी रॅम राहूच द्या!"

* * *

एक बाई सकाळी लॅपटॉप घेऊन गेल्या आणि दुपारी परत आल्या. सुरू होत नव्हता. आमच्याकडं दुरुस्तीला मेश्राम भाऊ आहे. कमी बोलतो, स्क्रू जास्त उघडतो. त्यानं उघडला तर कीबोर्डखाली ओलं आणि लालसर. घरी नेऊन पूजा केली होती. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सरळ आत!

मी घसा साफ करून सांगितलं, "लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही, काकू."

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला बसल्याजागी घाम फुटला. "देवाच्या पाण्यालेही लिक्विडच म्हणता का वं तुम्ही?"

मागं त्यांचा मुलगा उभा होता. त्याचं कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, चल." त्या दोघांना जिना उतरताना पाहून मला जेवण गेलं नाही.

* * *

मे महिन्यात एक रिटायर्ड काका मुलाचा लॅपटॉप घेऊन आले. तापत होता म्हणून त्यांनी तो पूर्ण दुपारभर कूलरसमोर ठेवला. आपल्या नागपूरचा कूलर! हवेपेक्षा तुषारच जास्त. आतून मेश्राम भाऊनं अक्षरशः पाणी निथळवलं.

काका काही कबूल होईनात. "आम्ही सारं घर त्याच्यासमोर झोपतो, आमाले काही होत नाही. याले काहून होते?"

मेश्राम भाऊनं पहिल्यांदाच मान वर केली. "तुमाले उघडून पाह्यलं नाही ना कोणी, काका."

* * *

मेश्राम भाऊची एक विद्या आहे. पंखा उघडला की आतल्या धुळीवरून तो गाव सांगतो. पांढरी आणि चिकट असली तर घरी पिठाची चक्की. काळी असली तर उमरेडकडचा, कोळशाच्या खदानीजवळचा. पण गिऱ्हाइकं भांडायची, "हा कचरा तुमच्याच दुकानातला!" म्हणून त्यानं पद्धत पाडली. जेवढं आतून निघेल तेवढं पारदर्शक पाऊचमध्ये भरायचं आणि जॉबशीटला पिन मारून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. तेव्हापासून भांडण बंद.

कामठीचा एक पॉवरलूमवाला होता. पोराचा लॅपटॉप दीड वर्षात बंद पडला. मेश्राम भाऊनं पाऊच दिलं, तर आत मुठीएवढी रुई. मी वॉरंटीचा नियम सांगायला तोंड उघडलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. तो पाऊच दाबून दाबून पाहत होता.

"दीड वर्षात याच्यात एवढी," तो म्हणाला. "मी तं तिथं बावीस वर्षांपासून बसून राहिलो, मॅडम."

मी नियम सांगितलाच नाही. त्याचं काम फुकट करून दिलं आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या.

* * *

आता उमरेडचे बाबा. कोळशाच्या खदानीत पंपावर काम करायचे. मुलगी प्राची, इंजिनिअरिंगला नंबर लागलेला. त्यांच्यासोबत मामा नव्हता, म्हणून मला ते आधीच आवडले. लॅपटॉप प्राचीनंच निवडला. बाबांनी फक्त वॉरंटीचा कागद मागितला आणि बोट ठेवून ठेवून पूर्ण वाचला. असं करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला!

"इंजिनिअरिंग चार वर्षाचं आणि वॉरंटी तीनचीच? चौथ्या वर्षी बिघडला तं पोट्टीनं काय करावं?"

मी म्हटलं, "तीन वर्षं संपायच्या आत या, एक वर्ष वाढवून देते."

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'वापर'. समोर दोन चौकोन, 'शिक्षण' आणि 'कामधंदा'. मी खूण करणार तर म्हणाले, "थांबा मॅडम, तिले करू द्या." प्राचीनं 'शिक्षण'वर खूण केली. बाबांनी ती खूण वाकून पाहिली. दुकानातली पोरं मग महिनाभर एकमेकांना चिडवायची, "चौथ्या वर्षाचं काय?"

मीही हसले होते.

* * *

अडीच वर्षांनी ते परत आले, एकटेच. लॅपटॉप तापून बंद पडत होता. "पोट्टी सुट्टीत घरी आली होती, तिच्याजवळून घेऊन आलो. होस्टेलात धूळ लय हाय म्हणते." मशीन ठेवून ते चहा प्यायला गेले.

मेश्राम भाऊनं उघडलं आणि मला आत बोलावलं. पंख्यात निळ्या धाग्याची बारीक तुसं गच्च भरली होती.

"ताई, हे होस्टेल नाही. हे बुटीबोरी होय. धाग्याच्या कंपनीतलं."

बिल प्राचीच्या नावावर होतं, नंबरही तिचाच. मी फोन लावला. मागं मशीनचा आवाज इतका की ती ओरडूनच बोलत होती. मी निळ्या तुसांचं सांगितल्यावर ती बाहेर आली असावी, कारण आवाज एकदम थांबला.

"बाबा तिथंच हायेत का, मॅडम?"

"चहाला गेलेत."

"सेकंड इयरले चार विषय राहिले माझे. कॉलेज सुटून सहा महिने झाले. इथं मशीनजवळच टेबल हाय, एन्ट्री करते. लॅपटॉप स्वतःचा हाय म्हणूनच कामावर घेतलं त्यायनं." मग ती रडायला लागली. "बाबाले सांगू नका. ते खदानीत सगळ्यायले सांगतात, पोट्टी इंजिनिअर होऊन राहिली."

मी शब्द दिला. मेश्राम भाऊनं कारणाच्या रकान्यात नुसतं 'धूळ' लिहिलं. बाहेरचा कचरा वॉरंटीत बसत नाही, तरी बसवला. सगळं नीट जमवलं आम्ही.

बाबा आले. मी जॉबशीट हातात दिली, तोंडभर हसून म्हटलं, "होस्टेलचीच धूळ होती, बाबा."

आणि मग मला दिसलं. जॉबशीटला पाऊच होतं! मेश्राम भाऊनं सवयीनं भरलं होतं, सवयीनं पिन मारली होती, आणि मी सवयीनं देऊन टाकलं होतं.

बाबांनी पाऊच ट्यूबलाइटसमोर धरलं. बराच वेळ धरलं.

"खदानीत लागायच्या आंधी मी तीन वर्षं बुटीबोरीले होतो," ते म्हणाले. "घरी येऊन थुकलो तं असंच निळं निघे."

मी खाली पाहिलं. मेश्राम भाऊ दारात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता.

बाबांनी पिन काढली, पाऊच शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून बटन लावलं. "पोट्टीले सांगू नका, मी हे पाह्यलं म्हणून."

मी मान डोलावली.

जायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत काउंटरवर आले.

"मॅडम, तीन वर्षं अजून व्हायचेच हायेत ना? तुम्ही म्हणल्या होत्या, वाढवून देते म्हणून."

मी फॉर्म काढला. नाव भरलं, पत्ता भरला. 'वापर'च्या रकान्यावर माझा पेन थांबला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, दोन्ही चौकोन बोट ठेवून वाचले आणि पहिल्यावर खूण केली.

"शिक्षण," ते म्हणाले. "चौथं वर्ष हाय."