धुळीचा कण आणि साडूंचं कॅबिनेट

वस्तूचं मोल तिच्या अंतरंगावरून ठरतं, आवरणावरून नव्हे, हे माझं जन्मभराचं तत्त्व आहे. गेल्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान ते मोडलं.

त्या वेळी आम्ही माण गावात, आमचे साडू विलासराव यांच्या घरी होतो. विलासराव म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आयटीत आहेत, बाराव्या मजल्यावर राहतात आणि स्वभावानं अत्यंत चांगले आहेत (हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही). त्यांनी नवा कम्प्युटर जुळवून घेतला होता. त्याचं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्या उभ्या पेटीत बसवतात ती पेटी, चक्क काचेची होती! आत निळे-जांभळे दिवे, तीन पंखे, रिसेप्शनच्या स्टेजसारखा थाट! माझी मुलगी मुक्ता आर्किटेक्चर शिकते. ती त्या पेटीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काका, काय भारी आहे हो!"

एकोणीस वर्षांत ती माझ्या कुठल्याही वस्तूसमोर मांडी घालून बसलेली नाही.

खोट काढण्यासाठी मी चष्मा लावला. पेटीच्या पुढच्या जाळीवर धूळ होती! चाकणला एका मोटार कंपनीच्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे गाड्या रंगवतात त्या विभागात, मी सव्वीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे ओल्या रंगावर एक कण बसला तरी अख्खा दरवाजा परत जातो. धूळ दिसली की मला घरच्यासारखं वाटतं.

"विलासराव, धूळ आत जातेय."

"जाणारच हो दादा. महिन्यातून एकदा पुसतो."

"आमच्याकडे असं चालत नाही," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

मुक्तालाही कॉलेजच्या कामासाठी कम्प्युटर हवा होता. आतले भाग येऊन पडले होते, फक्त कॅबिनेट ठरायचं होतं. घरी येताना तिनं मोबाइलवर एक दाखवलं. काळं, साधं, पुढं जाळी असलेलं.

"जाळी?" मी म्हणालो. "काळेवाडीच्या धुळीत जाळी? तुझं कॅबिनेट मी बनवून घेतो. काका तोंडात बोट घालतील!"

(शेवटचं वाक्य मनात म्हणायचं होतं.)

काळेवाडीत आमच्या सोसायटीच्या मागेच माझे मित्र बनसोडे यांचा पत्राकामाचा गाळा आहे. मूळचे लातूरचे. कारखान्यांच्या वीजजोडण्या ज्यात बंद करतात, त्या लोखंडी पेट्या ते वर्षानुवर्षं बनवताहेत.

"बनसोडे, धुळीचा कण आत जाता कामा नये."

"काय बोलायलाव भाऊ! मुंगीचा इचारसुद्धा आत जाणार नाही."

मुक्ता कळवळून म्हणाली, "बाबा, हवेला वाट लागते. आतले भाग तापतात."

"आत पंखे किती?"

"तीन."

"मग हवा फिरेलच की!"

"कुठली हवा?"

"आतली!"

(या उत्तरावर मी दोन दिवस खूश होतो.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेटी आली. दोन माणसांनी धरून आणली. जाड पत्रा, दाराला चहूबाजूंनी रबर, वर कुलूप, तारा बाहेर काढायला खाली घट्ट बुचं आणि दारावर पिवळ्या पाटीत लाल कवटी!

"बनसोडे, ही कवटी?"

"ती लागतीच भाऊ. कवटी लावल्याबिगर आपला माल गाळ्याबाहेर जात नाही."

पेटी टेबलावर ठेवली तेव्हा टेबलानं आवाज केला. माझी बायको शैला पदर खोचून आली. "अहो, हा कम्प्युटर आहे की रस्त्यावरची विजेची डीपी?"

"भक्कम आहे," मी म्हणालो.

मुक्तानं काहीही न बोलता आत सगळं जुळवलं. तिचं न बोलणं मी कौतुक समजलो.

दसऱ्याला आमच्या भागात प्रत्येक यंत्राला हार मिळतो. कंपनीतल्या कन्व्हेयरपासून घरातल्या मिक्सरपर्यंत. पेटीलाही झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. कवटीलाही कुंकू लागलं. तेवढ्यात विलासराव आपट्याची पानं घेऊन सहकुटुंब आले. सोनं दिलं, पाया पडले आणि हॉलकडे बघून म्हणाले, "दादा, लाइटचा मीटर आत घेतलात?"

"कॅबिनेट आहे ते."

"अरे वा! काय दणकट आहे हो!"

आणि ते मनापासून म्हणाले! मला टोमणा चालला असता.

"मुक्ता, काकांना दाखव," मी हुकूम सोडला. तिनं कम्प्युटर सुरू केला. पडद्यावर तिनं रचलेली शाळेची इमारत उभी राहिली. ती फिरवून दाखवू लागली. जिने, वर्ग, अंगण. मी इमारतीकडे पाहतच नव्हतो, विलासरावांच्या तोंडाकडे पाहत होतो. बोट अजून आत गेलेलं नव्हतं.

दहाएक मिनिटांनी पेटी घुमू लागली. मग रबराचा वास आला. शैलानं वर हात ठेवून पटकन काढला. "अहो, चपाती भाजेल यावर!"

"लोखंड आहे. थोडं गरम होणारच."

पडदा काळा झाला.

"लाइट गेली!" मी जाहीर केलं.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. सगळ्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली, "सोमवारी सबमिशन आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी किल्ली लावून दार उघडलं. तोंडावर जी झळ आली ती माझ्या चांगल्याच ओळखीची होती. पेंट शॉपमध्ये रंग वाळवायच्या भट्टीतून ती रोज येते. रंगासाठी तापमान उत्तम होतं! आत धुळीचा एकही कण नव्हता. मी तसं सगळ्यांना दाखवलं. कुणी बघायला तयार नव्हतं.

विलासराव घसा खाकरून म्हणाले, "मुक्ता, गाडीतलं ते खोकं आणू का?"

"कुठलं खोकं?" मी विचारलं.

मुक्ता फरशीकडे बघत म्हणाली, "बाबा, मी काकांना आठ दिवसांपूर्वीच फोन केला होता."

खोक्यातून कॅबिनेट निघालं. काळं, साधं, पुढं जाळी असलेलं. विलासरावांनी बाह्या सरसावल्या. "दादा, जरा स्क्रू धरता?" म्हणाले. मी धरले. तासाभरात शाळेची इमारत पुन्हा उभी राहिली, एक जिनाही हलला नव्हता. मुक्तानं काकांना टाळी दिली आणि माझ्याकडे वळली. मी सरसावून बसलो.

"बाबा, काकांना चहा करता का?"

केला. आलंही घातलं.

सोसायटीच्या बोअरच्या पंपाचा स्टार्टर दर पावसाळ्यात भिजून बंद पडायचा. मी ती पेटी सोसायटीला देऊन टाकली आणि बनसोडेंनी स्टार्टर तिच्यात बसवला. यंदा पार्किंगमध्ये पाणी आलं, तरी पंप एकदाही थांबला नाही. वार्षिक सभेत पेटीबद्दल आभाराचा ठराव मांडला गेला. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो.

आभार बनसोडेंचे मानण्यात आले.